गाळणी शाबूत, दाब गायब: तीन गोळ्या, जुलाब आणि आटलेली लघवी

६६ वर्षांचे गृहस्थ, वजन ७० किलो, बीपी बरीच वर्षं, डायबेटिस नाही, किडनीचा त्रास आधी कधीच नाही, सहा महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन (किडनी किती गाळतेय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.०. तीन दिवस जुलाब, पहिल्या दिवशी उलट्याही, खाणंपिणं जवळजवळ बंद, आणि कालपासून लघवी एकदम कमी, जी होते तीही गडद, तपकिरीकडे झुकणारी. अशा अवस्थेत घरच्यांनी त्यांना हॉस्पिटलला आणलं. आधीच सांगून ठेवतो, ही कुणा एका माणसाची फाइल नाही, कुठल्याही मेडिसिन वॉर्डात जशी प्रकरणं येतात त्यावरून जुळवलेला हा नमुना आहे, पण आकडे एकमेकांशी मेळ खातील असेच ठेवलेत, ज्याला हिशोब करून बघायचाय त्यानं खुशाल करावा.

गोळ्यांची हिस्टरी इथे सगळ्यात महत्त्वाची. रोज सकाळी बीपीची गोळी रामिप्रिल ५ मिलिग्रॅम, सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकणारी गोळी. दोन्ही वर्षानुवर्षं सुरू, बीपी मस्त कंट्रोलमध्ये. 'अजून काही घेता का' विचारलं तर नाही म्हणाले. मग 'दुखण्यावर काही?' असं वेगळं विचारल्यावर खिशातून डायक्लोफेनॅकचं पाकीट निघालं, गुडघा दुखत होता म्हणून जुलाब लागायच्या दोन दिवस आधीपासून स्वतःहून सुरू केलेली, दिवसाला दोन, कधी तीन. पेनकिलरला लोक औषध मानतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो. आणि जुलाब सुरू असतानाही तिन्ही गोळ्या इमानेइतबारे चालू होत्या, कारण बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

तपासल्यावर बीपी ९२/५८, नाडी ११२, जीभ कोरडी, गळ्याच्या शिरा झोपूनही भरलेल्या दिसत नाहीत, श्वास मिनिटाला २६ आणि खोल, पण छाती एकदम स्वच्छ. पायावर सूज नाही.

बायकोला वेगळीच काळजी. 'अहो डॉक्टर, लघवीचा रंग बघा ना, कावीळ तर नाही?' शंका रास्त होती, कारण शरीरातली घाण बाहेर काढणं म्हणजे फक्त किडनी असं नसतंच. जुन्या लाल पेशी मोडल्या की त्यातल्या 'हीम' नावाच्या लोहयुक्त भागापासून बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य बनतं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून लिव्हरकडे जातं, लिव्हर त्याला विरघळण्याजोगं करून पित्तात सोडतं आणि ते आतड्यातून शौचावाटे जातं. आतड्यातले जंतू त्याचंच रूप बदलतात, त्यातून शौचाचा तपकिरी रंग येतो आणि थोडा भाग रक्तात परत शोषला जाऊन किडनीतून बाहेर पडतो, लघवी पिवळी दिसते ती मुख्यतः त्यामुळे. (हे काम करणारं जंतूंचं एन्झाइम नेमकं कोणतं हे २०२४ मध्ये समजलं, इतकी साधी रोज दिसणारी गोष्ट आणि उत्तर काल-परवा मिळालं!) या गृहस्थांचे डोळे पांढरेशुभ्र होते, बिलिरुबिन नॉर्मल आलं. रंग तोच, फक्त पाणी कमी म्हणून गडद.

आता रिपोर्ट. क्रिएटिनिन ३.४, युरिया १६८, सोडियम १३३, पोटॅशियम ६.१, बायकार्बोनेट (रक्तातलं ॲसिड शमवणारा क्षार) १६, पीएच ७.३२, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३२. ईसीजीमध्ये टी वेव्ह उंच आणि टोकदार. २४ तासांत लघवी अंदाजे ३०० मिली. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नेहमीच्या आकाराच्या, कुठे फुगवटा नाही, मूत्राशय रिकामं. लघवीत प्रोटीन नाही, रक्त नाही, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती घट्ट याचा आकडा) १.०२६, मायक्रोस्कोपखाली फक्त काही हायलाइन कास्ट, म्हणजे नळीच्या आकाराचे पारदर्शक साचे, जे लघवी घट्ट झाली की निरोगी माणसातही दिसू शकतात.

केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या व्याख्येनं क्रिएटिनिन मूळच्या तिप्पट झालं की ॲक्यूट किडनी इंज्युरीची (किडनीला अचानक झालेल्या इजेची) तिसरी, म्हणजे सगळ्यात वरची स्टेज. मुलानं रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न, 'किडनी फेल झाली ना? आता कायम डायलिसिस?'

हा प्रश्न नीट सोडवायचा तर आधी ठरवायला हवं की बिघाड कुठे आहे. जागा तीनच. किडनीच्या आधी (रक्तच पुरेसं पोचत नाही), किडनीत (गाळणी किंवा नळ्या खराब), किंवा किडनीच्या पुढे (वाट अडली). ६६ वर्षांच्या पुरुषाची लघवी बंद म्हटलं की प्रोस्टेटमुळे तुंबलं असेल हे आधी डोक्यात यायलाच हवं, पण मूत्राशय रिकामं आणि किडनी फुगलेली नाही, तेव्हा ते लगेच बाद. गाळणी फाटली असती तर प्रोटीन आणि लाल पेशी लघवीत आल्या असत्या, त्या नाहीत. उरतं रक्त न पोचणं, किंवा रक्त न पोचल्यामुळे नळ्यांच्या पेशी मरायला लागणं. या दोघांतला फरक ओळखणं हाच या केसचा खरा गाभा, आणि त्यासाठी गाळण्याची यंत्रणा जरा सावकाश बघावी लागेल.

दोन्ही किडन्या मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का सुद्धा भरत नाहीत, पण हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातलं २० ते २५ टक्के त्यांना जातं, मिनिटाला साधारण एक ते सव्वा लिटर. एवढं रक्त त्यांना स्वतःच्या पोटासाठी नको असतं, ते गाळायला हवं असतं. प्रत्येक किडनीत ढोबळ मानानं १० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिच्यापुढची नळी मिळून एक युनिट, प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता, ग्लोमेरुलस. गाळणीचे थर तीन: आतून भोकं असलेल्या पेशींचा, मध्ये ऋण भार असलेला पडदा, आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशींची एकमेकांत गुंतलेली बोटं ज्यांच्या फटीत अजून एक बारीक जाळी. पाणी, सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन सगळं आरपार, पेशी आणि मोठे प्रोटीन आतच. म्हणजे ही गाळणी 'घाण' आणि 'कामाचं' असा भेद करतच नाही, ती फक्त आकार आणि भार बघते! कामाचं परत घ्यायचं काम पुढच्या नळीचं.

आणि किती गाळतं? मिनिटाला १२५ मिलीच्या आसपास, दिवसाला १८० लिटर. अंगात प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरलेला द्रव) जेमतेम ३ लिटर, म्हणजे तोच तो दिवसातून ६० वेळा गाळला जातो, आणि १८० पैकी १७८ लिटर परत शोषून दीड-दोन लिटर लघवी म्हणून जातं. आधी सगळंच बाहेर टाकायचं आणि मग हवं ते उचलून घ्यायचं ही पद्धत वाया घालवणारी वाटते, पण तिचा एक मोठा फायदा आहे, एखादा नवाच, कधी न बघितलेला बारीक रेणू रक्तात आला तरी त्याला ओळखायची गरज पडत नाही, परत उचलला नाही की तो आपोआप बाहेर.

हे सगळं चालतं कशावर, तर दाबावर. ग्लोमेरुलसमधला दाब ५५-६० मिमीच्या घरात असतो, शरीरातल्या इतर केशवाहिन्यांच्या जवळजवळ दुप्पट. तो राखता येतो कारण या गुंत्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रोहिणी आहे, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी, दोन्ही आपापली तोंडं लहान-मोठी करू शकतात. समजा एकाच पाइपला दोन नळ लावलेत आणि मधल्या तुकड्याला बारीक भोकं आहेत: पहिला नळ मोठा सोडला किंवा दुसरा आवळला, दोन्हीनं मधल्या तुकड्यातला दाब वाढतो. अंगातलं पाणी कमी झालं, बीपी उतरलं की किडनी हेच करते. प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडून आत येणारी वाहिनी उघडी ठेवते आणि अँजिओटेन्सिन-२ या हार्मोनच्या जोरावर बाहेर जाणारी आवळते. त्यामुळेच शरीराचा सरासरी दाब ८० पर्यंत घसरला तरी गाळण्याचा वेग फारसा हलत नाही.

आता आपल्या गृहस्थांच्या तीन गोळ्या याच्यावर ठेवून बघा. डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही (ॲस्पिरिन-टाइप औषधं असंच काम करतात हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांच्या वाट्यामागे हे कामही होतं), म्हणजे आत येणारी वाहिनी उघडी राहत नाही. रामिप्रिल अँजिओटेन्सिन-२ बनणं अडवते, म्हणजे बाहेर जाणारी आवळता येत नाही. लघवीची गोळी आधीच पाणी कमी करत होती, वर तीन दिवसांचे जुलाब. सरासरी दाब काढा, ९२/५८ चा येतो ६९. संरक्षणाच्या दोन्ही युक्त्या बंद आणि दाब ८० च्या खाली. गाळणीला काहीही झालेलं नाही, पण तिच्यातून ढकलणारं कोणी उरलं नाही.

या तिकडीला डॉक्टर मंडळी ट्रिपल व्हॅमी, म्हणजे तिहेरी फटका, म्हणतात. २०१३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, बीपीची औषधं घेणाऱ्या ४ लाख ८७ हजार लोकांमध्ये, या तीन प्रकारची औषधं एकत्र असताना किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त दिसलं, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. आपल्या केसमध्येही पेनकिलर नवीनच होती.

इथे लगेच 'म्हणजे या गोळ्या वाईट' असं डोक्यात येतं, तर तसं अजिबात नाही. तरुण, भरपूर पाणी पिणाऱ्या, बाकी ठीक असलेल्या माणसानं दोन दिवस डायक्लोफेनॅक घेतली तर किडनीला सहसा कळतही नाही, कारण त्याची किडनी प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबूनच नसते, ती अवलंबून होते पाणी आटल्यावर. आणि रामिप्रिलसारखी गोळी तर डायबेटिसमध्ये लघवीतून प्रोटीन जाणाऱ्यांची किडनी वर्षानुवर्षं वाचवते, ती सुद्धा नेमक्या याच कामामुळे, गाळणीतला जास्तीचा दाब उतरवून. फक्त जिथे दाब मुळातच नाहीये तिथे हाच गुण अंगावर येतो.

परत त्या प्रश्नाकडे, नळ्या जिवंत आहेत की मेल्यात? उत्तर लघवीतच होतं. नळीच्या पेशी ठीक असतील तर त्या पाण्यासाठी तहानलेल्या असतात, सोडियम जवळजवळ सगळं परत ओढतात, त्याच्यामागे पाणी येतं, पाण्यासोबत युरियाही मागे येतो. क्रिएटिनिन मात्र नळी परत शोषत नाही. म्हणून पाणी आटल्यावर रक्तातला युरिया क्रिएटिनिनच्या मानानं फार जास्त चढतो. १६८ युरियाला २.१४ ने भागा, युरिया नायट्रोजन ७८ च्या वर, क्रिएटिनिनशी गुणोत्तर २३ (२० च्या वर गेलं की संशय पाणी आटल्याचा). लघवीतलं सोडियम १२ होतं, तेही बोलकं, पण लघवीची गोळी सुरू असताना सोडियमवर मी फार विसंबणार नाही, कारण ती गोळी सोडियम बाहेर ढकलतच असते. म्हणून युरियाचा हिशोब बघितला. लघवीत युरिया १६००, क्रिएटिनिन १४०. गाळलेल्या युरियापैकी बाहेर किती गेला? १६०० गुणिले ३.४, भागिले १६८ गुणिले १४०, येतं २३ टक्के. ३५ च्या खाली म्हणजे नळ्या चांगल्या ओढतायत. मेलेल्या पेशी असत्या तर लघवी पातळसर, १.०१० च्या आसपास अडकलेली असती आणि मायक्रोस्कोपखाली मातकट तपकिरी कास्ट दिसले असते.

तेव्हा मुलाला दिलेलं उत्तर असं होतं: 'किडनी बंद पडलेली नाही, तिला गाळायला दाब मिळत नाहीये, आणि जे थोडं मिळतंय त्यातलं पाणी ती तुमच्या वडिलांसाठी वाचवतेय. डायलिसिस लागेल का ते आज रात्रीत कळेल, कायमचं लागेल असं मला वाटत नाही.'

लघवी कमी होणं हा नेहमी बिघाडच असतो असं नाही, ही गोष्ट मला या विषयातली सगळ्यात सुंदर वाटते. १९७६ मध्ये थुराऊ आणि बॉयलन यांनी तर उलटाच शब्द वापरला, ॲक्यूट रीनल सक्सेस, यश! त्यांचा मुद्दा नळ्या खरोखर बिघडलेल्या असतात तेव्हाचा: गाळणं मिनिटाला १२५ मिलीनंच चालू राहिलं आणि परत शोषणं बंद पडलं तर ३ लिटर प्लाझ्मा २४ मिनिटांत लघवीवाटे निघून जाईल. गाळणं थांबवणं हाच तिथे जीव वाचवण्याचा मार्ग.

पण यशाला मुदत असते. किडनीच्या आतल्या भागात, मेड्युलात, ऑक्सिजनचा दाब एरवीही १०-२० मिमीच असतो, आणि नेमक्या तिथल्या नळ्या सोडियम ओढण्यासाठी भरपूर ऊर्जा जाळतात. रक्त कमी पोचणं लांबलं की या पेशी पहिल्या मरतात, आणि मग जे तासा-दिवसांत सुधारलं असतं त्याला आठवडे लागतात. म्हणून घाई.

घाई पहिली पोटॅशियमची, क्रिएटिनिनची नाही. क्रिएटिनिन ३.४ नं कोणी मरत नाही, तो फक्त निरोप आहे (स्नायूंतून रोज साधारण ठराविक बनणारा आणि किडनीतून जाणारा पदार्थ, म्हणून मोजायला सोयीचा). पोटॅशियम ६.१ आणि टोकदार टी वेव्ह म्हणजे हृदय कधीही गडबडू शकतं. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेर अगदी थोडं, आणि रोज आत येणाऱ्यापैकी ९० टक्क्यांच्या आसपास किडनीच काढते. यांच्यात तीन गोष्टी जुळल्या होत्या: गाळणं कमी, रामिप्रिलनं अल्डोस्टेरॉन (किडनीला पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं हार्मोन) दबलेलं, आणि ॲसिड वाढल्यानं पेशींतून पोटॅशियम बाहेर येणं. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिलं, ते पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदयाला अर्धा-एक तास सांभाळतं. मग इन्सुलिन १० युनिट २५ ग्रॅम ग्लुकोजबरोबर आणि साल्ब्युटामॉलची वाफ, दोन्ही पोटॅशियमला पेशीत परत ढकलणारी. इन्सुलिन किडनीतूनही साफ होतं, त्यामुळे अशा पेशंटमध्ये ते जास्त वेळ टिकतं आणि शुगर काही तासांनी खाली जाऊ शकते, दर तासाला शुगर बघणं सोडायचं नाही.

खोल श्वासांचा उलगडाही इथेच होतो. शरीर रोज दोन प्रकारचं ॲसिड बनवतं. कार्बन डायऑक्साइड, दिवसाला १३ ते १५ हजार मिलिमोल, तो फुप्फुसं सोडतात. आणि प्रोटीन जळून होणारं न उडणारं ॲसिड, दिवसाला जेमतेम ७० मिलिमोल, पण ते फक्त किडनीच काढू शकते. ते साचलं, बायकार्बोनेट संपायला लागलं (जुलाबातूनही ते गेलंच होतं), मग फुप्फुसांनी आपल्या वाटेचा कार्बन डायऑक्साइड जास्त सोडून तोल सांभाळायचा प्रयत्न केला. बायकार्बोनेट १६ असताना तो ३२ च्या आसपास यायला हवा, आलाही तेवढाच. म्हणजे दमा नाही, न्यूमोनिया नाही, एक अवयव दुसऱ्याचं काम थोडं उचलत होता.

बाकी उपचार म्हणाल तर कंटाळवाणा, आणि तेच चांगलं. तिन्ही गोळ्या बंद, कॅथेटर टाकून तासागणिक लघवी मोजणं, आणि सलाईन ५००-५०० मिलीच्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यानंतर गळ्याच्या शिरा आणि छाती बघून. साध्या (नॉर्मल) सलाईनऐवजी रिंगर लॅक्टेट हे दुसऱ्या प्रकारचं सलाईन द्यावं की नाही यावर वॉर्डात नेहमी वाद, कारण त्यात पोटॅशियम असतं. असतं, पण लिटरला ४, आणि पेशंटचं ६.१ आहे, चारचं पाणी ओतून सहाचं सात कसं होईल? उलट नॉर्मल सलाईनमधलं जास्तीचं क्लोराइड ॲसिड वाढवतं. मी तरी रिंगर लॅक्टेटच घेईन.

पहिल्या तीन तासांत बीपी ११० वर आलं, पाचव्या तासाला लघवी तासाला ४० मिली व्हायला लागली, सहाव्या तासाला पोटॅशियम ५.२, टी वेव्ह खाली बसलेली. डायलिसिसची कारणं, म्हणजे औषधांना न जुमानणारं पोटॅशियम किंवा ॲसिड, फुप्फुसात पाणी, युरियानं गुंगी किंवा हृदयाच्या आवरणाला सूज, यातलं एकही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी लघवी १९०० मिली, क्रिएटिनिन २.७. घरचे जरा हिरमुसले, एवढी लघवी होऊनही फक्त २.७? पण क्रिएटिनिन मागून चालतं. गाळणं सुधारलं तरी साचलेला साठा निघायला वेळ लागतो, आणि उतरणीवर असताना त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग प्रत्यक्षापेक्षा कमीच येतो. (चढताना उलटं, किडनी सकाळी पूर्ण बंद पडली तरी संध्याकाळचं क्रिएटिनिन जेमतेम हललेलं असतं, कारण ते दिवसाला एक-दीडनंच चढतं.) तिसऱ्या दिवशी १.८, चौथ्या दिवशी १.३, आणि घरी.

घरी जाताना रामिप्रिल आणि लघवीची गोळी दोन्ही दिल्या नाहीत, बीपी १२४ होतं आणि जुलाब जेमतेम थांबलेले. आठवड्यानं बीपी १४८ झालं तेव्हा रामिप्रिल अडीच मिलिग्रॅमनं परत सुरू, आणि दोन आठवड्यांत क्रिएटिनिन-पोटॅशियमची तपासणी. ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं, ते गाळणीतला दाब उतरल्याचं लक्षण, घाबरून बंद करायची नाही. यांचं १.१ वर थांबलं. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं जेल, पोटातून घ्यायची डायक्लोफेनॅक कायमची बंद. कागदावर ठळक अक्षरात एक ओळ लिहून दिली: जुलाब-उलट्या लागल्या आणि पाणी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं की बीपीच्या गोळ्या थांबवायच्या का, आणि बरं वाटल्यावर कधी सुरू करायच्या. स्वतःहून महिनाभर बंद ठेवणं हेही तितकंच त्रासाचं.

तीन महिन्यांनी परत बोलावलंय. अशा एका झटक्यानंतर, पूर्ण बरी झालेली दिसली तरी, पुढे किडनी हळूहळू खराब होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो, म्हणून क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही बघायचंय. ३० च्या आत आलं तर गाळणीवर ओरखडा राहिलेला नाही असं समजायला हरकत नाही, आणि मग लघवीची गोळी परत लागते की एकट्या रामिप्रिलवर भागतं, तो निर्णय तेव्हा.